भिंत बांधत नाहीत, लावतात!

"सध्या काय करायलीस गं आक्का?" मी सहज विचारलं.

लग्नघर होतं. मांडवाच्या मागं आम्ही सात-आठ जणी लसूण सोलत बसलो होतो. मे महिन्याचं ऊन, पंखा नुसता गरम हवा फेकत होता.

"भिंती लावते," आक्का म्हणाली.

सगळ्या खळाळून हसल्या. मोठी काकू म्हणाली, "अगं बया, भिंत बांधतेत. लावतेत का कुठं? झाड लावतेत, टिकली लावतेत!"

आक्का हसली नाही. पाकळीचं टरफल फुंकून टाकत म्हणाली, "आमच्या तिकडं लावतेत."

आक्का माझी चुलत बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमचं गाव पाटोदा तालुक्यात, डोंगराच्या कडेला. मी शिकले, बीडला दिल्या घरी आले, शाळेत नोकरीला लागले. आक्काचं लग्न पंधराव्या वर्षी झालं आणि त्याच वर्षी दसरा झाल्यावर ती टायर गाडीत बसून कारखान्यावर गेली. पुढं सतरा हंगाम ती कोयत्याला जात होती.

बीडच्या मैत्रिणींना कोयता म्हणजे काय ते सांगायला नको. पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला देतो, म्हणजे नवऱ्याच्या हातात देतो. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडी भरते. जोडीनं दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस निघतो. एकानं जरी दांडी मारली तरी खाडा कोयत्यावर लागतो. पाळी असो, ताप असो, पोर आजारी असो. बीडमधल्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला, त्याच्या मुळाशी हा खाडाच होता. आक्का त्यातून वाचली. कशी, ते तिचं तिलाच ठाऊक.

ती भिंती कशा लावते हे बघायचं माझ्या मनात त्या दिवशीच आलं. त्याला घरचंच एक कारण होतं.

सासूबाईंच्या नावानं गावाकडं घरकुल मंजूर झालं होतं, २०२२ साली. प्रधानमंत्री आवास योजनेतलं. एक लाख वीस हजार रुपये हप्त्याहप्त्यानं, वर रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी आणि संडासाचे बारा हजार. घर कमीत कमी पंचवीस चौरस मीटरचं. तुम्ही म्हणाल, एवढंसं घर, किती दिवस लागतील? जोतं झालं आणि दसरा आला. दसरा आला म्हणजे गाव रिकामं! गवंडी कर्नाटकात गेला ऊसतोडीला, त्याचे दोन्ही बिगारी सांगली-कोल्हापूरकडं. राहिली कोण, तर म्हातारी माणसं आणि कुलपं. सिंदफणेची वाळू सोन्याच्या भावानं. ती आणून टाकली तर तीवर कुत्र्यांनी संसार मांडला. गवंडी परत आला तेव्हा पुढच्या हप्त्याचे फोटो अडले. पुन्हा दसरा. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या जिवात जीव आहे तोवर होतंय का बघा."

त्यांना स्लॅबचंच घर पाहिजे होतं. का, ते आमच्या भागातल्या त्या वयाच्या कुठल्याही बाईला विचारा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, सुमारे आठ हजार माणसं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली, बावन्न गावं उठवून दुसरीकडं वसवली. आमच्या गावात नुसती भांडी वाजली होती. पण त्यानंतर सासूबाई कित्येक महिने अंगणात झोपल्या. माळवदाखाली त्यांना झोप लागायची नाही.

असं आमचं एक घर, दोन वर्षं रखडलेलं. आणि आक्का सांगत होती, "आमच्याकडं दोन-तीन दिवसांत मजल्याच्या भिंती हुभ्या राहतेत."

त्या डिसेंबरात नणंदेकडं नवी मुंबईला जायचा योग आला. नणंदेचा मुलगा सिव्हिलचा डिप्लोमा करून एका मोठ्या साइटवर लागलाय. आक्का आणि दाजींना तिथं कामाला त्यानंच लावलं. मी म्हटलं, मला आक्काची भिंत बघायची. तो म्हणाला, "मामी, साडी चालेल, पण बूट आणि हेल्मेट घालावं लागेल." माझ्या पायाच्या मापाचे बूट सापडेनात! शेवटी कुणा पोराचे घातले.

आधी त्यानं मला यार्डात नेलं. तिथं मोठाली लोखंडी टेबलं. टेबलाच्या कडा म्हणजे भिंतीचा साचा. आत सळयांची जाळी, विजेच्या नळ्या, स्विचची खोकी, खिडकीची चौकट, सगळं आधीच जागेवर. वरून काँक्रीट ओततात, टेबल थरथरतं, हवेचे बुडबुडे निघून जातात. मग वाफ देतात. हो, वाफ! आपण इडल्यांना देतो तशी. त्यामुळं काँक्रीट लवकर धरतं आणि दुसऱ्या दिवशी भिंत उचलता येते. प्रत्येक भिंतीवर नंबर. कुठली इमारत, कितवा मजला, कुठली बाजू, सगळं त्यात. एकेका भिंतीचं वजन चार-पाच टन. मी मनात हिशोब केला. आक्का आणि दाजींनी अडीच-तीन दिवस तोडलेला ऊस, तेवढी ही एक भिंत.

मग साइटवर. तिथं गवंडी दिसेना, विटांचा चट्टा दिसेना, वाळूचा ढीग दिसेना. क्रेन, आणि तिच्या खाली आठ जणांची टोळी. दाजी त्यातले एक. ऊसतोडीची टोळी, भिंतीची टोळी, शब्द तोच.

मी घड्याळ लावून बघितलं. ट्रेलरवर उभ्या असलेल्या भिंतीला हूक लावले. खुणा करणाऱ्यानं वॉकीटॉकीवर सांगितलं, भिंत उचलली गेली. खालून दोघांनी दोऱ्या धरल्या होत्या, वाऱ्यानं ती फिरू नये म्हणून. सातव्या मजल्यावर खालच्या भिंतीतून सळया वर आलेल्या असतात. वरच्या भिंतीला बुडाशी नळ्या असतात. सळ्या नळ्यांत बरोबर बसायला पाहिजेत. दाजींनी खाली लोखंडी चकत्या ठेवून पातळी साधली, भिंत टेकवली, दोन तिरप्या टेकूंनी आवळली, ओळंबा बघितला आणि हूक सोडले. तेवीस मिनिटं! सासूबाईंच्या घराची एक भिंत गिलाव्याशिवाय अकरा दिवस चालली होती.

मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात सगळं थांबलं. पुढचा ट्रेलर रस्त्यात अडकला होता. चाळीस मिनिटं टोळी बसून. तो आला, तर तिसऱ्या भिंतीच्या वेळी एक सळई वाकलेली निघाली. नळीत जाईना. भिंत अधांतरी, क्रेन अडकलेली, खाली माना वर करून आठ माणसं. सव्वा तास गेला त्यात.

"मामी, हेच आमचं दुखणं," भाचा म्हणाला. "क्रेन उभी राहिली की पैसा जातो. वरून आम्हाला विचारतात, आज माणशी किती काम झालं? आता ह्यात माणसानं काय करायचं?"

मला हे फार पटलं. काम कमी झालं की आपण पटकन म्हणतो, मजूर आळशी झालेत, रेशन फुकट मिळतं ना! इथं तर दाजींचं अंग मोडून काम करणं आणि न करणं ह्यानं फरकच पडत नव्हता. फरक पडत होता तो ट्रेलर वेळेवर येण्यानं, यार्डात सळई सरळ बसवण्यानं, कुठली भिंत आधी लागणार हे आदल्या दिवशी ठरवण्यानं. घाम तेवढाच, काम कधी दुप्पट तर कधी निम्मं.

आणि सगळं जुळून आलं तर काय होतं? सिडकोनं २०२२ साली बामणडोंगरीला हे करून दाखवलं. प्रधानमंत्री आवास योजनेतली बारा मजल्यांची, ९६ घरांची इमारत ९६ दिवसांत उभी राहिली. एल अँड टी कंपनीनं ती बांधली. (पुन्हा 'बांधली'च आलं बघा तोंडात!) एकूण १,९८५ तुकडे जोडले होते. म्हणजे घराला साधारण वीस-एकवीस तुकडे.

ही कल्पना आपल्याकडं काही काल आलेली नाही. वाईजवळच्या पसरणीचे बाबुराव शिर्के, १९४४ साली त्यांनी धंदा सुरू केला. स्वीडनचं सिपोरेक्सचं तंत्र त्यांनी पुण्यात आणलं, म्हणजे हवेच्या बारीक छिद्रांचं हलकं काँक्रीट. कारखान्यात ओतलेले पोकळ खांब, तुळया आणि वर सिपोरेक्सच्या लाद्या, अशी त्यांची घरं म्हाडा-सिडकोच्या वसाहतींत हजारोंनी उभी आहेत. २००३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्यापैकी कितीतरी जणींचे भाऊ-दीर अशा घरांत राहत असतील आणि "खिळा ठोकला तर भिंत भुसभुशीत लागते" म्हणून कुरकुरत असतील.

सिंगापूरला तर दहातली जवळजवळ आठ माणसं सरकारनं बांधलेल्या घरांत राहतात, आणि ऐंशीच्या दशकापासून ती घरं अशाच तुकड्यांची होतात. तिथं मजूर आपल्या तमिळनाडूतून, बांगलादेशातून आणलेले. म्हणून सरकारचा सगळा जोर, कमी माणसांत जास्त काम कसं होईल ह्याच्यावर. एका माणसानं एका दिवसात किती चौरस मीटर घर उभं केलं, असा हिशोब मांडतात. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "आणि यार्डातली माणसं? ट्रेलरवाला? ती धरतात का त्यात?" तो हसला. म्हणाला, "मामी, तुम्ही मास्तरीण शोभता." साइटवरची माणसं तेवढी मोजली तर आकडा छानच येणार. चपात्या बाहेरून आणल्या तर माझाही स्वयंपाक अर्ध्या तासात होतो!

पण मी गेले होते आक्कासाठी. ती कुठं होती?

ती पाचव्या मजल्यावर होती. साडीवर पुरुषी शर्ट, त्यावर चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, डोक्यावर पिवळं हेल्मेट, खाली कुंकू तसंच ठसठशीत. तिच्या हातात घमेलं नव्हतं. दोन भिंतींच्या मधला सांधा ती ब्रशनं झाडत होती.

भिंत लावून झाली तरी घर होत नाही, हे मला तिथं कळलं. सांधा आधी साफ करायचा, ओला करायचा, कडेनं बंद करायचा. मग न आटणारं पातळ सिमेंट नळीतून ओतायचं. वरच्या भोकातून ते बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. बाहेरच्या बाजूला फोमची दोरी दाबून वर रबरासारखा मसाला भरायचा. आक्का म्हणाली, "करंजीची कड दाबली न्हाई तर तेलात काय हुतंय? तसंच हाय ह्ये. आज काय दिसत न्हाई. पावसाळ्यात दिसतंय."

तिला ठाऊक नव्हतं, पण लंडनमध्ये नेमकं हेच झालं होतं. १६ मे १९६८. रोनन पॉइंट नावाची बावीस मजल्यांची इमारत, अशाच तुकड्यांची, नुकतीच लोक राहायला आलेली. अठराव्या मजल्यावर एक बाई पहाटे चहा करायला उठली. काडी ओढली आणि गळक्या गॅसचा भडका उडाला. स्फोट फार मोठा नव्हता, ती बाई स्वतः वाचली. पण बाहेरची भिंत सुटली, वरचे मजले खालच्यांवर कोसळत गेले, इमारतीचा एक कोपराच गेला. चार माणसं मेली. पुढं १९८६ साली ती इमारत उतरवली तेव्हा काही सांध्यांत सिमेंटच्या जागी वर्तमानपत्राची रद्दी कोंबलेली निघाली! तुकडे जोडायचा वेग वाढवण्याच्या नादात कुणीतरी सांध्याचं काम उरकलं होतं.

मी आक्काला हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "रद्दी भरायला पन येळ लागतोच की. तेवढ्यात शिमिट भरून झालं असतं."

दुपारी डबा खाताना मी विचारलं, इथं बाया किती? आक्कानं बोटं मोजली. ह्या इमारतीवर चार. आधी ती पुण्याकडं एका विटांच्या साइटवर होती, तिथं बावीस जणी होत्या. विटा वाहायच्या, मसाला द्यायचा, भिंतींना पाणी मारायचं. ती सगळी कामं इथं नाहीतच. विटा नाहीत, मसाला नाही, पाणी यार्डात वाफेनं. मग त्या अठरा जणी कुठं गेल्या? "कुनी कोयत्याला परत गेली. एक भांडी घासती पनवेलला. बाकीच्यांचं काय ठावं न्हाई."

हे माझ्या घशाखाली उतरेना. माणशी काम वाढलं हे खरंच, पण ज्यांना भागून तो आकडा काढला त्यातून आधी बायका वजा झाल्या. घमेलं उचलणं काही सुखाचं काम नव्हतं, मान जाते, कंबर जाते. ते गेलं म्हणून मी रडणार नाही. पण क्रेनचं, खुणा करायचं, ओळंब्याचं शिक्षण द्यायची वेळ आली तेव्हा पोरांनाच बोलावलं. बायकांना कुणी विचारलंच नाही. आक्कालासुद्धा सांध्याचं काम कसं मिळालं? तर तो करणारा पोरगा गावाला पळाला म्हणून. आठ दिवस तिनं करून दाखवलं, मग ठेवली. आणि हजेरी? त्या पोराला मिळायची त्यापेक्षा कमी. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला होता!

पाळणाघराचंही असंच. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात अट होती, पन्नासहून जास्त बाया असतील तरच पाळणाघर. चार बायांसाठी कोण काढतं? नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत पन्नासचा आकडा सगळ्या कामगारांचा धरलाय, पुरुष मिळून. कागदावर तरी हे बरं झालं. आक्काच्या सोबतिणीचं तान्हं त्या दिवशी पत्र्याच्या खोलीत सात वर्षांच्या बहिणीच्या राखणीला होतं.

एवढं सगळं ऐकून मी म्हटलं, "मग आक्का, कोयता आन् हे, सारखंच की."

तिनं डब्याचं झाकण लावलं. "सारखं न्हाई बाई."

"का?"

"कोयत्यात मी अर्धी. हितं माझं कारड हाय, माझा फोटू हाय. पैसं माझ्या खात्यात येतेत. कमी येतेत, पर माझ्या येतेत. त्येंनी दांडी मारली तर त्येंचा खाडा. माझा न्हाई." आणि मग थोडं थांबून, दाजी ऐकत नाहीत ना बघून, "सतरा वर्सं कोयत्यात काढली, मी एकली किती तोडते ह्ये कुनी मोजलंच न्हाई. हितं मोजतेत. दिसाला सोळा सांधे."

मला आई आठवली. १९७२ च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. त्याच कामांतून पुढं रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला. खडीचा ढीग मोजून पैसे मिळायचे. आई सांगायची, मोजणीदार ढिगाला लाथ मारून बघायचा, पोकळ तर रचला नाही ना! आई मात्र आपला ढीग किती भरला ते शेवटपर्यंत सांगायची, अभिमानानं.

परत आल्यावर शाळेत मैत्रिणींनी विचारलं, अशी घरं आपल्याकडं का नाही होत? मी भाच्याचंच उत्तर दिलं. एकसारखी शेकडो घरं एका जागी लागतात, तेव्हा यार्ड आणि क्रेनचा खर्च निघतो. आमच्या गावात घरकुलं मंजूर झाली ती अठरा, आणि अठरा ठिकाणी. वेशीतून ट्रॅक्टर वळताना मारुतीच्या पाराला घासतो, चार टनांची भिंत घेऊन ट्रेलर कसा यायचा? आपल्याकडं ह्यातलं आलंय ते रेडिमेड कंपाउंड, शाळेला आहे तसं. खांब रोवले, फळ्या खाली सरकवल्या, झालं. ते लावायलाही पुरुषच आले होते, आणि सगळे दसऱ्याआधी निघून गेले.

सासूबाईंच्या घरावर स्लॅब पडला २०२४ साली. त्या राहायला गेल्या. गेल्या पावसाळ्यात पूर्वेकडच्या खिडकीच्या कोपऱ्यातून पाणी यायला लागलं. गवंड्यानं दोनदा वरून सिमेंट फासलं, दोनदा गळलं.

दिवाळीला आक्का आली होती. चहा पिता पिता तिचं लक्ष त्या ओलीकडं गेलं. उठली, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, नखानं थोडं उकरलं. म्हणाली, "आतून पोकळ हाय ह्ये. वरून लिंपून काय हुनार?" छिन्नी मागितली. जुनं सगळं खरवडून काढलं, घासलेल्या टूथब्रशनं झाडलं, तांब्यानं पाणी मारलं. आतली भेग सुतळीनं दाबून बंद केली आणि घट्ट मसाला थापीच्या टोकानं आत आत ढकलत राहिली. दाजी बाहेर पंचांशी गप्पा मारत होते. सासूबाई खाटेवरून बघत होत्या.

"किती झाले गं तुझे?" त्यांनी विचारलं. गंमत नव्हती त्यांच्या आवाजात. खरंच विचारत होत्या.

"एक सांधा," आक्का म्हणाली. "पर घरचा हाय, म्हून मोजत न्हाई." आणि मला म्हणाली, "सात दिस पानी मारत जा. ईसरू नको."